वॉरंटी कार्डाची मागची बाजू

माझ्या नणंदेच्या शौहरांचा इंतकाल झाला, तेव्हापासून ती घरीच आले-लसणाची पेस्ट आणि डोशाचे पीठ करून विकते. मोहल्ल्यात गिऱ्हाईक जमले, दोन मुलांची फी त्यातून निघू लागली. गेल्या वर्षी तिने नवा मिक्सर घेतला. खोक्यावर ठळक छापले होते, 'मोटर वॉरंटी ५ वर्षे'. अकराव्या महिन्यात, ऐन रमजानच्या तोंडावर, मोटर जळाली. कंपनीचा माणूस आला, ओट्यावरची पिठाची पातेली पाहिली, इंग्रजीत काहीतरी लिहून तिची सही घेतली आणि म्हणाला, "आपा, हा कमर्शियल यूज आहे. मोटरचे पैसे भरावे लागतील."

कार्ड घेऊन ती माझ्याकडे आली. "भाभी, पाच वर्षे लिहिलंय ना?"

लिहिले होतेच. पण मागच्या बाजूला, मुंगीएवढ्या अक्षरांत, 'फक्त घरगुती वापरासाठी' हेही लिहिले होते. मी शाळेत भाषा शिकवते, पण माझ्या घरातले एकही कार्ड मी कधी शेवटपर्यंत वाचले नव्हते. त्या रात्री कपाटातली सगळी कार्डे काढून बसले.

पहिली गोष्ट कळली ती आकड्याची. फ्रीजवर '१० वर्षे' असते ते बहुधा एकट्या कॉम्प्रेसरचे. बाकी फ्रीजला एकच वर्ष. कॉम्प्रेसर फुकट मिळाला तरी गॅस भरणे, मजुरी, माणसाची फेरी यांचे पैसे अनेकदा आपल्याकडूनच घेतात. काच, बल्ब, रबर, प्लॅस्टिक हे तर बहुतेक कार्डांत सुरुवातीलाच वगळलेले असते.

मग येतात शब्द. 'फिजिकल डॅमेज' म्हणजे पडणे, आपटणे, तडा जाणे. 'लिक्विड डॅमेज' म्हणजे पाणी जाणे. मोबाईलची वॉरंटी बहुतेक वेळा या दोन शब्दांवर अडते. 'व्होल्टेज फ्लक्च्युएशन' म्हणजे विजेचा चढउतार. 'अनऑथराइज्ड रिपेअर' म्हणजे नाक्यावरच्या मेकॅनिकने खोलले की हमी संपली. पूर, वीज कोसळणे यांना कार्डात 'ॲक्ट ऑफ गॉड' म्हणतात आणि तेही बाहेर. 'कॉन्सिक्वेन्शियल डॅमेज' हा सर्वांत अवघड शब्द. बकरी ईदला फ्रीज बंद पडून कुर्बानीचे गोश्त खराब झाले, तर कंपनी फ्रीज दुरुस्त करील, गोश्ताची भरपाई देणार नाही, असा त्याचा अर्थ. आणि 'सोल डिस्क्रिशन' म्हणजे दुरुस्त करायचे की बदलून द्यायचे, हे कंपनी ठरवणार. बदललेल्या भागालाही नवी मुदत मिळत नाही, जुन्याचीच उरलेली चालते.

आपण 'गॅरंटी' आणि 'वॉरंटी' एकाच अर्थाने बोलतो. १८७२ च्या करार कायद्यात गॅरंटी म्हणजे दुसऱ्याच्या देण्याला जामीन राहणे. १९३० च्या मालविक्री कायद्यात 'कंडिशन' आणि 'वॉरंटी' असे दोन शब्द आहेत. कंडिशन मोडली तर माल नाकारता येतो. वॉरंटी मोडली तर फक्त भरपाई मागता येते. म्हणजे कार्डावर जो शब्द आपल्याला भारी वाटतो, तो कायद्यात दोहोंपैकी हलका आहे.

पण कार्ड म्हणजे कायदा नव्हे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये धंद्यासाठी वस्तू घेणारा 'ग्राहक' ठरत नाही. मात्र तिथेच खुलासा आहे. स्वयंरोजगारातून केवळ स्वतःची उपजीविका चालवण्यासाठी वस्तू घेऊन वापरणारा ग्राहकच राहतो. माझ्या नणंदेसारख्या पापड लाटणाऱ्या, मसाला कुटणाऱ्या, शिलाई करणाऱ्या असंख्य बायकांसाठी ही ओळ मोलाची आहे. तिने कार्डातली अट आपोआप रद्द होत नाही, पण दाद मागायचा दरवाजा बंद होत नाही.

आम्ही बिल, कार्ड आणि त्या माणसाच्या कागदाची प्रत जोडून कंपनीला पत्र लिहिले. उत्तर आले नाही, तेव्हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार नोंदवली. तिथे मराठीत बोलता येते. तीन आठवड्यांनी कंपनीने मोटर बदलून दिली, मजुरी मात्र घेतली. तोवर अर्धा रमजान सरला होता आणि ती शेजारणीच्या मिक्सरवर सहरीनंतर पीठ वाटत होती.

हेल्पलाइनने काम झाले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, वकील सक्तीचा नाही, आणि पाच लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी तक्रारीची फी नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जायला हवे. आयोग वस्तू बदलून किंवा पैसे परत देण्याचाही आदेश देऊ शकतो.

दुकानात पैसे देण्याआधी चार प्रश्न विचारा. ही मुदत पूर्ण वस्तूची की एका भागाची? मजुरी आणि फेरीचे पैसे कोण देणार? घरून विक्रीचे काम केले तर चालेल का? सर्व्हिस सेंटर कुठे आहे? 'अमुक कंपनीचा मिक्सर द्या' असे म्हणण्याऐवजी 'रोज पाच किलो पीठ वाटायचे आहे, योग्य तो द्या' असे सांगा. आपण काम सांगून दुकानदाराच्या जाणकारीवर विसंबलो, तर वस्तू त्या कामाला योग्य असावी ही अट मालविक्री कायदा न लिहिताही धरतो. नुसते कंपनीचे नाव घेऊन मागितले तर तो आधार कमकुवत होतो. आणि जे तोंडी सांगितले ते बिलावर लिहून घ्या.

शेवटची गोष्ट सहीची. न वाचता येणाऱ्या भाषेतल्या कागदावर सही करू नका. 'मुलगा शाळेतून आला की वाचून दाखवील, मग सही करते' असे म्हणायला लाज कसली? नणंद आता तसेच म्हणते.