सामान्य शिक्षणाची खिरापत

प्रत्येक पदवीधरास, त्याचा विशेष विषय कोणताहि असो, जें शिक्षण अवश्य मिळावें त्यास सामान्य शिक्षण म्हणतात. ही कल्पना आपल्याकडे नवी नाहीं. डॉ. राधाकृष्णन् यांच्या अध्यक्षतेखालील विद्यापीठ आयोगानें १९४९ सालीं तिचा जोरदार पुरस्कार केला होता. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें ती पुन्हां पुढें आणिली. आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्यानें तीन वर्षांच्या पदवीच्या १२० श्रेयांकांपैकीं ९ श्रेयांक बहुविद्याशाखीय विषयांस राखून ठेविले. हेतु स्तुत्य आहे. परंतु हेतु चांगला म्हणून त्याची अंमलबजावणीहि चांगलीच मानावी, असें कोणत्या शास्त्रांत सांगितलें आहे?

हे अभ्यासक्रम आंखतांना समितींत बहुधा पहिला प्रश्न निघतो तो हा कीं, कोणत्या विभागाचे तास कमी पडतात. विद्यार्थ्यास काय कळावें, हा प्रश्न मागाहून येतो, किंवा येतच नाहीं. मग देवळांत खिरापत वांटावी त्याप्रमाणें वाणिज्याच्या मुलास चिमूटभर मानसशास्त्र, विज्ञानाच्या मुलास चिमूटभर पर्यटन, आणि सर्वांस मूल्यशिक्षण वांटलें जातें. खिरापतीनें पोट भरत नाहीं, हें वांटणारासहि ठाऊक असतें.

या पद्धतीचें फळ पाहावयाचें असेल तर पर्यावरणाचा विषय पाहावा. सर्वोच्च न्यायालयानें १९९१ सालीं त्याचें शिक्षण सक्तीचें करण्यास सांगितलें, आणि पुढें पदवीच्या सर्व शाखांसाठीं सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आला. झालें काय? विद्यार्थी परिसंस्थेची व्याख्या घडाघडा म्हणतो, चार पर्यायांपैकीं योग्य पर्यायावर खूण करितो. पण त्याच्या गांवचा ओढा कां आटला, हें त्यास कोणी विचारीत नाहीं, आणि त्याला स्वतःलाहि हा प्रश्न सुचत नाहीं. विषय शिकविला गेला, जिज्ञासा मात्र मेली!

न्यूयॉर्क येथील कोलंबिया महाविद्यालयानें १९१९ सालीं सर्व विद्यार्थ्यांस सामाईक असा एक वर्ग काढिला. तो अद्याप चालू आहे. वीसबावीस विद्यार्थी, मूळ ग्रंथांचें वाचन आणि त्यांवर वाद, एवढीच त्याची पद्धत. त्यांची ग्रंथांची यादी आपण उचलावी, असें माझें म्हणणें नाहीं. ती प्रायः पाश्चात्त्यांचीच. उचलावयाची ती थोडकें पण खोल शिकविण्याची रीत.

आपल्या महाराष्ट्रापुरता एकच विषय घ्या: दुष्काळ. महाबळेश्वर व माण हे दोन्ही तालुके साताऱ्याचेच. एकांत पावसाचा धुमाकूळ, दुसऱ्यांत पिण्याच्या पाण्याची भ्रांत. सह्याद्रीच्या पूर्वेस ढग रिते कां होतात, हें भूगोल व पदार्थविज्ञान सांगेल. जिल्ह्याच्या सरासरी पर्जन्याचा आंकडा माणच्या शेतकऱ्यास कसा फसवितो, हें गणित सांगेल. १८७६ ते १८७८ चा दुष्काळ आणि त्यांत सार्वजनिक सभेनें केलेलें कार्य हा इतिहास. जोतीराव फुल्यांचें 'शेतकऱ्याचा असूड' हें वाङ्मयहि आणि अर्थशास्त्रहि. १९७२ चा दुष्काळ आणि त्यामागून आलेला १९७७ चा रोजगार हमी कायदा येथें राज्यशास्त्र सुरू होतें. येथें सात विद्या एकत्र येतात, त्या समितीच्या ठरावानें नव्हे, तर प्रश्नाच्या गरजेनें. हेंच खरें सामान्य शिक्षण.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा कीं, एवढे शिक्षक कोठून आणावयाचे? तीनशें मुलांच्या वर्गापुढें तासिका तत्त्वावरील एका तरुणास उभें करून जी काटकसर होते तिला शिक्षण म्हणावयाचें नसेल, तर शिक्षक नेमावे लागतील. दुसरा उपाय नाहीं. शिवाय हे वर्ग नवख्यांवर न लोटतां विभागांतील जाणत्या प्राध्यापकांनीं घ्यावे. दुसरा आक्षेप पालकांचा: यानें नोकरी मिळेल काय? त्यांस माझें उत्तर असें कीं, आंकड्यांतील खोट ओळखणें, मूळ कागद वाचून त्याचा अर्थ लावणें आणि आपलें म्हणणें चार शुद्ध वाक्यांत लिहिणें ज्याला येतें, त्याला कोणत्याहि कचेरींत स्थान आहे. दोन श्रेयांकांच्या 'कौशल्या'ची तशी खात्री कोण देईल?

तेव्हां मागणी एवढीच. दहा चिमट्यांऐवजीं वर्षभर चालणारा एकच सामाईक अभ्यास ठेवावा. वर्ग तिसांहून मोठा नसावा. मूळ साधनें वाचावीं. वाद मराठींत व्हावा, आणि परीक्षा लेखनाची असावी. ज्यांची मुलें परदेशीं जाऊं शकतात त्यांना असें शिक्षण विकत मिळेल. ज्यांना तालुक्याच्या महाविद्यालयापलीकडे वाटच नाहीं, त्यांच्या वांट्याला आपण खिरापत देत आहों, आणि तिलाच मेजवानी म्हणत आहों. या अन्यायाला बहुविद्याशाखीय हें भारदस्त नांव दिल्यानें तो न्याय ठरत नाहीं.