पिशव्या आम्ही धुवायच्या, हात तुम्ही झटकायचे

दुधाची पिशवी धुऊन वाळत घालणाऱ्या बाईला आपल्याकडे चिकट म्हणतात. तिच्या ओट्यामागच्या टाइल्सवर डकवलेल्या पिशव्यांचे फोटो मोबाइलवर फिरतात, खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागते. सुनेनं सासूची आणि मुलांनी आईची यावरून टिंगल करायची, आणि त्या माउलीनं ती हसून सोसायची, असा रिवाजच पडलाय. मला हा विनोद मुळीच सहन होत नाही. या राज्यात प्लास्टिकबद्दल इतके कायदे झाले, अधिसूचना निघाल्या, दंड जाहीर झाले. त्यांच्यामागचा हेतू रोजच्या रोज, कुणी न सांगता पाळला असेल तर तो या बाईनं. बाकीच्यांनी आपापल्या वाटणीचं काम तिच्या मोरीत आणून टाकलं आणि वर तिलाच हसायला सुरुवात केली.

ती काय करते ते एकदा नीट बघा तरी. पिशवीचा कोपरा कापताना ती कात्री पुरती चालवत नाही. तो इवलासा त्रिकोण पिशवीलाच लटकत राहील इतपतच कापते, कारण सुटलेला तुकडा कुणी वेचत नाही, कुणाच्या पोत्यात जात नाही, तो थेट गटारात जातो. दूध पातेल्यात ओतलं की पिशवीत घोटभर पाणी घालून खळबळायचं आणि तेही पातेल्यात. मग वरची कड सरळ कापून पिशवी उघडायची. आधी गार पाणी, कारण पहिल्यांदाच कढत पाणी घातलं तर दुधाचा अंश आत धरून बसतो आणि वास जात नाही. त्यानंतर साबणाचा एक हात, भांड्यांच्या शेवटच्या पाण्यात एकदा बुचकळायची, आणि ओली पिशवी टाइल्सवर थापायची. उन्हाळ्यात ती दुपारपर्यंत वाळते आणि आपली आपण गळून पडते. पावसाळ्यात पडत नाही. आत ओल राहते, जोडाच्या रेघेत काळे ठिपके धरतात, म्हणून मग आतली बाजू बाहेर काढून चिमट्यानं दोरीला लावायची, आणि तरीही ठिपका दिसला तर तिच्यात खाण्याचं काही ठेवायचं नाही.

वाळलेल्या पिशवीवर थालीपीठ थापलं जातं. निवडलेली कोथिंबीर तिच्यात राहते, थंडीतला सोललेला मटार तिच्यात भरून बर्फाच्या कप्प्यात जातो, उन्हाळ्यात साबुदाण्याच्या चकल्या तिच्यावर पडतात. उरलेल्या पिशव्या स्वयंपाकघराच्या दारामागे एका पिशवीत साठतात आणि रद्दीवाल्याकडे जातात. एका पातळ पापुद्र्याचा इतका उपयोग त्याच्या कारखानदारानंही कधी मनात आणला नसेल.

हे करण्याचं खरं कारण मात्र काटकसरीपेक्षा मोठं आहे, आणि तेच हसणाऱ्यांच्या गावी नाही. न धुतलेली पिशवी दोन दिवस डब्यात राहिली की आतलं दूध नासतं, चिलटं येतात, चिकट घाण साऱ्या कचऱ्याला लागते. ती घाण शेवटी माणसाच्याच हाताला लागते. पुण्यात कचरा वेचणाऱ्या बायकांनी १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी केली. त्यांच्याच ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेच्या सभासद २००८ पासून घरोघरचा कचरा उचलतात. त्यांच्यासाठी कोरडी, स्वच्छ पिशवी म्हणजे चार पैसे. आंबलेली, खरकट्यात लडबडलेली पिशवी म्हणजे विकता न येणारं ओझं. ज्या घरातून पिशवी धुऊन बाहेर पडते, त्या घरानं आपला कचरा निवडणाऱ्या बाईच्या हाताचा विचार केलेला असतो. या संस्काराला चिकटपणा म्हणणाऱ्यांनी एक सकाळ वर्गीकरणाच्या शेडमध्ये उभं राहावं, नाक न दाबता.

आणि पाण्याचं काय, असं विचारणारे लगेच पुढे येतात. त्यांच्या गाड्या रोज नळीनं धुतल्या जातात, पण तीन ग्रॅमच्या पिशवीपाशी त्यांना दुष्काळ आठवतो. पिशवीला वेगळं पाणी लागतच नाही; तांदूळ धुतलेलं किंवा भांड्यांचं शेवटचं पाणी पुरतं. तरी या प्रश्नाला दुसरी बाजू आहे आणि ती मी नाकारत नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं. तिथल्या बाईनं हंडाभर पाण्यात पोरांना अंघोळ घालायची, की डेअरीच्या पिशव्या विसळायच्या? तिनं पिशवी तशीच फेकली तर मी तिला एका शब्दानंही बोलणार नाही. पण मग त्या पिशवीचं करायचं काय, हा प्रश्न तिच्या दारातून उचलून जिथून पिशवी आली तिथे नेऊन ठेवावा लागतो.

दुसऱ्या टोकालाही काही मंडळी आहेत. त्यांच्याशी माझं तेवढंच भांडण आहे. सगळंच धुवायचं, सगळंच साठवायचं, हे बरोबर नाही. कच्चं मटण, मासळी, कोंबडी ज्या पिशवीत आली, ती घडीच्या कोपऱ्यापर्यंत नीट निघत नाही. तिच्यात दुसऱ्या दिवशी कोथिंबीर ठेवणं म्हणजे आजार घरात आणणं. काळी किंवा भडक रंगाची पातळ पिशवी बहुतेक वेळा वितळवून पुन्हा केलेल्या प्लास्टिकची असते, आणि तशा पिशवीत तयार अन्न द्यायला-ठेवायला केंद्राच्या २०१६ च्या नियमांनीच मनाई केली होती. पिशवी उलटी करून छपाईची बाजू अन्नाला लावू नये. गरम रस्सा, गरम चहा कुठल्याही पातळ पिशवीत ओतू नये, मग ती नवी का असेना. आपल्या टपऱ्यांवर हे सर्रास चालतं आणि कुणालाही त्याचं काही वाटत नाही. चिवड्या-वेफर्सची आतून चंदेरी पाकिटं धुण्यात तर अर्थच नाही. प्लास्टिकचे आणि धातूचे थर एकमेकांना चिकटवून केलेलं ते पाकीट सुटं करता येत नाही, रद्दीवाला त्याला हात लावत नाही. ते धुतलं काय आणि न धुतलं काय, त्याचा मुक्काम कचरा डेपोच. असली पाकिटं बाजारात आणण्याची परवानगी मिळते कशी, हा राग मात्र मनात असू द्या.

आता सरकारकडे वळते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, मुंबई बुडाली, आणि तुंबलेल्या गटारांतल्या पिशव्या साऱ्या राज्याला दिसल्या. २००६ साली अविघटनशील कचऱ्यावर नियंत्रण ठेवणारा कायदा झाला. त्याच कायद्याखाली २३ मार्च २०१८ ला प्लास्टिकबंदीची अधिसूचना निघाली आणि तीन महिन्यांनी अंमल सुरू झाला. पहिल्या गुन्ह्याला पाच हजार रुपये दंड, दुसऱ्याला दहा हजार, तिसऱ्याला पंचवीस हजार आणि तीन महिने कैद. पाच हजारांची पावती फाटली ती कुणाची? ज्या भाजीवालीच्या पाटीतल्या सगळ्या भाजीची किंमत तेवढी होत नाही, तिची. पथकं बाजारात फिरली, फूटपाथवर फिरली. पिशव्या जिथे तयार होतात, तिथे तीच तडफ दिसली असती, तर आज भाजीच्या गाड्यावर पातळ पिशव्यांचे गठ्ठे लोंबकळत नसते. केंद्रानंही जाडीचे आकडे वाढवत नेले. ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉनपेक्षा पातळ कॅरिबॅग चालत नाही. मंडईत जाऊन एक पिशवी बोटांत धरून बघा. नियम किती पाळला जातो, ते चिमटीतच कळेल.

दुधाच्या पिशवीला २०१८ च्या त्या अधिसूचनेतून सूट मिळाली, आणि ती सशर्त होती. पिशवी ५० मायक्रॉनपेक्षा जाड हवी, तिच्यावर परत घेण्याची किंमत छापलेली हवी, ती किमान पन्नास पैसे हवी, आणि वापरलेल्या पिशव्या परत गोळा करण्याची व्यवस्था डेअऱ्यांनी उभी करायला हवी. अट रास्त होती. जून २०१९ मध्ये तेव्हाचे पर्यावरणमंत्री रामदास कदम यांनी विधिमंडळात सांगितलं, की राज्यात रोज एक कोटी दुधाच्या पिशव्यांचा, म्हणजे ३१ टन प्लास्टिकचा कचरा होतो, आणि पन्नास पैसे देऊन त्या परत घेण्याची योजना महिन्याभरात सुरू होईल. तो महिना उलटून किती वर्षं झाली ते तुम्हीच मोजा. परतीच्या किमतीची ती ओळ मी पिशवीवर वाचली आहे, मुंगीएवढ्या अक्षरांतली. माझ्या तळहातावर ते पन्नास पैसे आजवर कुणी ठेवलेले नाहीत. मी पिशव्या घेऊन विचारायला गेले, तेव्हा दूधवाल्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याच्याकडे उधारी मागायला आले आहे.

मंत्र्यांच्याच आकड्यांनी हिशेब करा. एक कोटी पिशव्यांचे ३१ टन, म्हणजे एक पिशवी साधारण तीन ग्रॅमची. किलोत बसतात सव्वातीनशेच्या आसपास पिशव्या. रोज दोन पिशव्या घेणाऱ्या घराला एक किलो जमवायला पाच महिने धुवावं, वाळवावं, रचावं लागतं. सरकारनं ठरवलेल्या दरानं त्या किलोचे एकशेसाठ रुपये व्हायला हवेत. रद्दीवाला देतो तो भाव त्याच्या जवळपासही येत नाही, आणि त्यात त्याचा दोष नाही. तो बाजारभावानं घेतो. मधला फरक आम्हा बायकांच्या कष्टातून वसूल होतो. आणि अनेक घरांत तर भांडेवालीच्या कष्टातून, जिच्या पगारात पिशव्या धुणं कुणी कधी धरलेलंच नसतं.

डेअरीवाल्यांना विचारलं की उत्तर ठरलेलं: एवढ्या पिशव्या परत गोळा करणं व्यवहारात जमणारं नाही. हे साफ खोटं आहे, आणि त्याचा पुरावा रोज पहाटे आपल्या गल्लीत येतो. दुधाचा टेम्पो कशातून पिशव्या आणतो? प्लास्टिकच्या क्रेटमधून. त्या क्रेटचं काय होतं? विक्रेता रिकामा क्रेट मोजून परत देतो, एक कमी पडला तर त्याच्याकडून पैसे वसूल होतात, क्रेट डेअरीत जातो, धुतला जातो, दुसऱ्या पहाटे पुन्हा भरून येतो. कुठल्या गटारात तुम्ही दुधाचा क्रेट तुंबलेला पाहिलात? क्रेटची किंमत डेअरीच्या खिशातून जाते, म्हणून त्याचा हिशेब चोख. पिशवीची किंमत आपल्याकडून आधीच घेतलेली असते, म्हणून तिचं पुढे काय होतं याच्याशी त्यांना कर्तव्य नाही. तोच टेम्पो, तीच माणसं, तेच रिकामे क्रेट रोज उलट दिशेला जातात. त्यांच्यात धुतलेल्या पिशव्यांचं एक पोतं ठेवायला जागा नाही, असं मला कुणी पटवून देऊ नये.

परत घेण्याची ही रीत महाराष्ट्राला नवी आहे का? १९४९ साली उभ्या राहिलेल्या आरे वसाहतीचं दूध मुंबईकरांनी कित्येक वर्षं काचेच्या बाटल्यांतून घेतलं. पत्र्याच्या पातळ झाकणाची ती बाटली घरी विसळायची, पहाटे केंद्रावर रिकामी द्यायची आणि भरलेली घ्यायची. कार्ड होतं, रांग होती, संगणकाचं नाव नव्हतं, आणि बाटल्या परत जात होत्या. पिशवी आली ती डेअऱ्यांच्या सोयीसाठी: वजनाला हलकी, फुटायची भीती नाही, परत न्यायची कटकट नाही. त्या सोयीचा नफा त्यांच्या खात्यात जमा झाला आणि कटकट आपल्या ओट्यावर आली.

केंद्राच्या नियमांनी उत्पादकांवर आणि ब्रँडमालकांवर आपल्या वेष्टनाचा कचरा परत गोळा करण्याची जबाबदारी २०१६ मध्येच टाकली होती. पुढे २०२२ साली त्यात प्रमाणपत्रांची देवघेव आली. कुठल्या तरी कारखान्यानं कुठलं तरी प्लास्टिक पुन्हा वापरात आणल्याचं प्रमाणपत्र विकत घ्यायचं, कागदावरचं उद्दिष्ट पुरं करायचं. माझ्या नाल्यात अडकलेली पिशवी त्या कागदानं हलत नाही. ती हलते, तेव्हा कुणीतरी वाकून हातानं ती उचललेली असते.

मला हव्या आहेत त्या गोष्टी अगदी साध्या आहेत. पिशवीमागे घसघशीत अनामत घ्या, पन्नास पैशांच्या नाण्यासाठी कुणी वाकत नाही, दोन रुपये घ्या. जिथून दूध मिळतं त्याच ठिकाणी, त्याच वेळी, स्वच्छ पिशवी दिली की ती रक्कम बिलातून वजा करा. ज्या घराला धुणं जमत नाही ते अनामत सोडून देईल, आणि ती पिशवी उचलून विसळणाऱ्या कचरावेचक बाईला ते पैसे मिळतील. आज तिला फुकट राबवलं जातं. चौकाचौकात सुट्या दुधाची, स्वतःच्या भांड्यात घेता येईल अशी सोय वाढवा. आणि सोसायट्यांनी दाराशी येणाऱ्या विक्रेत्याकडे पिशव्यांचा गठ्ठा सोपवून पोच मागायला सुरुवात करावी. तो नाही म्हणेल, मग वितरकाला लेखी विचारा, मग डेअरीला. अधिसूचनेतली अट कुणाला ऐच्छिक म्हणून दिलेली नव्हती.

कारणं देताना डेअऱ्या छपाईचा खर्च पुढे करतील, नव्या पिशव्यांना वेळ लागतो म्हणतील. लिटरमागे दोन रुपयांची दरवाढ जाहीर झाली की नव्या किमतीची पिशवी किती दिवसांत आपल्या हातात पडते, हे प्रत्येक घराला ठाऊक आहे. पुढची दरवाढ जेव्हा कराल, तेव्हा त्याच पिशवीवर, विक्रीच्या किमतीएवढ्याच ठसठशीत अक्षरांत, परतीची किंमत छापा. आणि पिशवी घेऊन आम्ही आलो, की ती किंमत मोजून द्या.