एकाच खुंट्याला दोन हात

३ डिसेंबरला भोपाळ शहरात स्थानिक सुट्टी असते. १९८४ सालच्या २ डिसेंबरची रात्र सरून ३ तारीख लागत असताना युनियन कार्बाइडच्या कारखान्यातील ६१० क्रमांकाच्या टाकीतून सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट बाहेर पडले आणि पाच लाखांहून अधिक माणसांच्या डोळ्यांत, फुप्फुसांत शिरले. त्या रात्रीची ही सुट्टी. आदल्या संध्याकाळी वस्त्यांतून मशाली निघतात, सकाळी सर्वधर्म प्रार्थनासभा होते. पुढे १९९२ साली संयुक्त राष्ट्रांनी ३ डिसेंबर हाच दिवस जागतिक अपंग दिन म्हणून ठरवला. तारखा जुळल्या हा योगायोग. पण कारखान्याभोवतीच्या वस्त्यांत, जिथे वायू लागलेल्या आईबापांच्या पोटी आणि दूषित पाणी पिणाऱ्या घरांत जन्मलेली कितीतरी मुले धड चालू-बोलू शकत नाहीत, तिथे हे दोन दिवस एकमेकांपासून सोडवता येत नाहीत.

या दिवशी देशभरच्या शाळांत आणि कचेऱ्यांत संवेदनशीलतेचे कार्यक्रम होतात. मुलांना गोल करून बसवतात, मनातले बोलायला सांगतात. डोळ्यांवर पट्टी बांधून दहा पावले चालवतात, एक हात पाठीशी बांधून सदऱ्याचे बटण लावायला लावतात. खुद्द मध्य प्रदेश सरकारने २०१६ साली आनंद विभाग काढला. असा विभाग काढणारे ते देशातले पहिले राज्य. त्याच्या ‘अल्पविराम’ शिबिरांत सरकारी कर्मचारी क्षणभर थांबून स्वतःच्या आत डोकावतात. जानेवारीत गावोगाव आनंद उत्सव भरतो, त्यात देशी खेळ आणि लोकगीते असतात. वर्षानुवर्षे फायलींत मान घालून बसलेल्या माणसाला कोणी त्याच्या मनाची विचारपूस करावी, ही गोष्ट आम्हाला लहान वाटत नाही. हे सगळे व्हावे, आणखी व्हावे.

मात्र पट्टी बांधण्याच्या खेळाविषयी एक इशारा द्यायला हवा. एरिएल सिल्व्हरमन या स्वतः अंध असलेल्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले, की पट्टी बांधून चालून पाहिलेल्यांना अंधांविषयी कळवळा वाटला खरा. पण अंध माणूस नोकरी करू शकेल, एकट्याने राहू शकेल यावरचा त्यांचा विश्वास उलट कमी झाला. कारण उघड आहे. पट्टी बांधणाऱ्याला अंधत्वाची पहिली दहा मिनिटे तेवढी कळतात. त्या अंधारात वीस वर्षे काढून माणूस काय काय शिकतो, हे त्याला कळत नाही. पट्टी सुटते, मूल टाळ्या वाजवते आणि मनात दया घेऊन घरी जाते. दया वाईट नव्हे, पण ती नेहमी वरून खाली वाहते.

तर मग दुसऱ्याचे दुःख कळते कसे? आमच्या मते याचे सर्वांत खणखणीत उत्तर जुन्या भोपाळमधल्या बायकांनी चाळीस वर्षांपूर्वीच देऊन ठेवले आहे, आणि ते कोणत्याही शिबिरात सापडलेले नाही. ते सापडले कागदाच्या रिमांपाशी.

दुर्घटनेनंतर गॅसपीडितांच्या पुनर्वसनासाठी सरकारने काही कामे काढली, त्यातले एक स्टेशनरी तयार करण्याचे. तिथे शंभरेक बायका कामाला आल्या. बहुतेकींच्या घरातला कमावता माणूस गेलेला, नाहीतर खाटेला खिळलेला. त्यांत रशीदा बी होत्या. तोवर त्या घराबाहेर फारशा पडलेल्या नव्हत्या, अक्षरओळख नव्हती. आणि त्यांत चंपादेवी शुक्ला होत्या. एक मुसलमान घरातली, दुसरी ब्राह्मण घरातली. त्या रात्री त्यांच्या वस्त्यांवर एकच हवा आली होती, पण तेवढ्याने दोन बायका मैत्रिणी होत नाहीत. सारखे दुःख भोगलेली माणसे एकमेकांना ओळखतही नाहीत, असे आपण रोज दवाखान्याच्या रांगेत पाहतो. या दोघींना शेजारी आणले ते कामाने. मजुरी तुटपुंजी, नोकरी कायम नाही, उद्या काम असेल की नाही याचा भरवसा नाही. १९८६ साली या बायकांनी आपला संघ उभारला, आणि १९८९ मध्ये त्या मुलाबाळांना घेऊन भोपाळहून दिल्लीला चालत निघाल्या. अंतर सुमारे ७५० किलोमीटर. ज्यांना चार पायऱ्या चढताना धाप लागते, त्या बायका!

या चालण्याचा विचार करताना आम्हाला आपल्याकडचे जाते आठवते. जात्यावर दोघी समोरासमोर बसतात, खुंटा एकच असतो, त्यावर दोघींचे हात. एकीने जोर लावला आणि दुसरीने हात सैल सोडला तर पीठ भरड येते. म्हणून दोघींना एकमेकींची गती सांभाळावी लागते. आणि गती जुळली की हळूहळू गळाही जुळतो. सासूपुढे, नवऱ्यापुढे, कधी आईपुढेही जे बोलता आले नाही ते मराठी बाई जात्यावर बोलली. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांतल्या एकाही बाईला ‘आता मन मोकळे कर’ असे कोणी सांगितले नव्हते. दळण दळायचे होते, म्हणून त्या बसल्या होत्या. हात कामात गुंतले की डोळ्याला डोळा भिडवावा लागत नाही, गप्प बसण्याची चोरी नसते, आणि जे सांगायचे ते बोलता बोलता सांगून होते. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपानंतर लातूर-धाराशिवच्या गावांतही पडलेली घरे पुन्हा उभी करता करताच अनेक बायका पहिल्यांदा परक्या माणसासमोर बोलू लागल्या.

गॉर्डन ऑलपोर्ट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली पूर्वग्रहांवर ग्रंथ लिहिला. दोन गटांतली अढी केवळ भेटीगाठींनी जात नाही, त्याला चार गोष्टी लागतात, असे त्याने मांडले: दोघांना सारखा मान, समान उद्देश, परस्परांच्या मदतीवाचून न होणारे काम आणि वरिष्ठांचा पाठिंबा. भोपाळच्या त्या स्टेशनरीच्या कामात पहिल्या तिन्ही गोष्टी होत्या, चौथी नव्हती. वरचे लोक बहुतेक वेळा ऐकूनच घेत नव्हते. तरीही जुळले, किंबहुना घट्ट जुळले. मोर्च्यात शेजारी चालणाऱ्या बाईची जात विचारायला सवड कुठली?

अशी दुसरी जागा यादगार-ए-शाहजहानी पार्कची. अब्दुल जब्बार यांची गॅसपीडित महिला उद्योग संघटना तिथे दर शनिवारी सभा घेत असे. जब्बार यांच्या स्वतःच्या डोळ्यांना आणि फुप्फुसांना वायूने धरले होते. १४ नोव्हेंबर २०१९ रोजी ते गेले आणि पुढच्या जानेवारीत त्यांना मरणोत्तर पद्मश्री जाहीर झाली. त्यांचा थोरपणा आम्ही मोजतो तो या शनिवारांनी. वर्षानुवर्षे, आठवड्यामागून आठवडा, त्याच गवतावर बुरख्यातल्या आणि पदर घेतलेल्या बायका शेजारी बसल्या. कोणाच्या दाव्याची तारीख, कोणाच्या औषधाची चिठ्ठी. सरकार आणि युनियन कार्बाइड यांच्या १९८९ च्या तडजोडीत ठरलेल्या ४७ कोटी डॉलरच्या भरपाईतून बहुतेकींच्या हाती पडले २५ हजार रुपये. तेही किती हेलपाट्यांनी, ते त्याच जाणत. मधल्या काळात, १९९२ च्या डिसेंबरमध्ये, हे शहर दंगलीत होरपळले. गॅसपीडितांच्या संघटना मात्र त्यातूनही हिंदू-मुसलमान दोघांच्या राहिल्या. असा सांधा एका दिवसाच्या सद्भावना मेळाव्याने बसत नाही. तोच त्रास दहाव्यांदा ऐकूनही न कंटाळणारी माणसे लागतात, आणि तशी माणसे सवयीने घडतात.

रशीदा बी आणि चंपादेवी यांना २००४ मध्ये गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला. दोन्ही घरांत आजारपण होते, मरणे झाली होती. रशीदा बींनी तर घरातली सहा माणसे कर्करोगाने गमावली होती. पुरस्काराच्या पैशांतून त्यांनी चिंगारी ट्रस्ट उभारला. नाव आंदोलनातल्या एका घोषणेवरून आले: भोपाळच्या बायका म्हणजे फुले नव्हेत, ठिणग्या आहेत, असा तिचा अर्थ. ट्रस्टच्या केंद्रात वस्त्यांतल्या अपंग मुलांना फिजिओथेरपी, वाचा-उपचार आणि विशेष शिक्षण विनामूल्य मिळते.

अशा मुलाची आई एरवी फार एकटी असते. नातेवाईक तिलाच बोल लावतात, शेजारी नजर चुकवतात, आणि तीही हळूहळू मुलाला घरात ठेवू लागते. केंद्रात तिला तिच्यासारखी दुसरी आई भेटते. ‘तुझा मान धरतो का गं आता?’ एवढा एक प्रश्न. ज्या घरी हा प्रश्न आजवर कोणी विचारला नाही, त्या घरच्या बाईला तो किती मोठा वाटत असेल! उपदेश नाही, सांत्वन नाही, विचारणारीला उत्तर खरेच हवे आहे.

लंडनच्या ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्या आदल्या दिवशी, २६ जुलै २०१२ रोजी, कारखान्याजवळ या मुलांचे वेगळे ऑलिंपिक भरले होते. दुर्घटनेनंतर युनियन कार्बाइड विकत घेतलेली डाऊ केमिकल कंपनी लंडनच्या खेळांची प्रायोजक होती, त्याचा तो निषेध. त्यात आधाराने चालण्याची एक शर्यत होती. निषेधाच्या बातम्या जगभर गेल्या. आमचे मन त्या शर्यतीपाशी थांबते. आधार देणाऱ्याला तिथे आपली चाल मुलाच्या चालीएवढी करावी लागते. ओढले तर मूल पडते, मागे राहिले तरी पडते. सहवेदनेची याहून नेमकी कवायत आम्हाला सुचत नाही.

बेरसिया रोडवर ‘संभावना’ नावाचा दवाखाना आहे. १९९६ पासून तिथे गॅसपीडितांवर विनामूल्य उपचार होतात. ॲलोपॅथीबरोबर आयुर्वेद आणि योगही असतो, आवारात औषधी वनस्पतींची बाग आहे. आपल्या मराठीत संभावना म्हणजे भटजींना द्यायची दक्षिणा, आणि कोणाची संभावना केली असे म्हटले की त्यात चांगला अर्थ क्वचितच असतो. हिंदीत संभावना म्हणजे शक्यता. दवाखाना चालवणारे हा शब्द आणखी एका तऱ्हेने फोडतात: सम आणि भावना, म्हणजे सारखेच वाटणे. शक्यता आणि सहवेदना एकाच शब्दात नांदतात हे कळल्यावर तो दवाखाना आम्हाला अधिक समजला.

आता भोपाळमधल्या मराठी घरांशी थोडे बोलायचे आहे. शहराच्या तेव्हाच्या ५६ प्रभागांपैकी ३६ गॅसग्रस्त ठरले. त्या रात्री वारा जुन्या शहराकडे वाहत होता, तलावापलीकडचे नवे भोपाळ बहुतांशी वाचले. आपली पुष्कळ मंडळी या वाचलेल्या भागात राहतात. गणपतीत नाटके बसवतात, दिवाळी अंक मागवतात, मुलांना पाढे मराठीत शिकवतात. त्यात अपराध काहीच नाही. पण एका शहरात चाळीस वर्षे राहून त्याच्या अर्ध्या भागाशी आपला संबंध केवळ बिर्याणी आणि बटव्यांच्या खरेदीपुरता असेल, तर ते बरे नाही. २०२५ च्या जानेवारीत कारखान्यातला ३३७ टन विषारी कचरा १२ कंटेनरांतून पीथमपूरला गेला आणि जूनअखेर जाळून झाला, तेव्हा अनेकांना ‘सुटलो एकदाचे’ असे वाटले असेल. कारखान्याच्या परिसरातली दूषित माती आणि त्याखालचे पाणी अजून तिथेच आहे. माणसेही तिथेच आहेत.

शाळांना आमचे सांगणे असे. ३ डिसेंबरला सुट्टी असल्याने त्या दिवशीचा कार्यक्रम २ तारखेला उरकण्याची किंवा सोडून देण्याची सोय होते. त्या एका दिवसाचा नाद सोडा. त्याऐवजी वर्षभर, महिन्यातला एक शनिवार ठरवा. नव्या भोपाळची मुले आणि गॅसग्रस्त वस्त्यांतली मुले, चालणारी आणि न चालणारी, एखादे खरे काम मिळून करतील असे बघा: भाजीचा वाफा, नाटकाचा पडदा, भिंतीवरचे चित्र, शंभर माणसांची खिचडी. पाहुणे आणि यजमान असा भेद ठेवू नका. एकदा यांच्या शाळेत, एकदा त्यांच्या वस्तीत. भाषणे नकोत, प्रमाणपत्रे नकोत, आणि कृपा करून फोटोही नकोत. पहिल्या शनिवारी मुले एकमेकांशी बोलणार नाहीत, दुसऱ्या शनिवारी भांडतील. तिथेच काम बंद करू नका.

आणि महाराष्ट्र मंडळांनी, भजनी मंडळांनी, निवृत्त मंडळींच्या कट्ट्यांनीही हे करून पाहावे. गोल बसून मन उघडण्याची ज्यांना भीड वाटते त्यांच्यासाठी तर ही वाट अधिकच सोपी आहे, कारण इथे आधी फक्त भाजी निवडायची असते.

यंदाच्या सुट्टीत सुरुवात म्हणून एवढे करा. कारखान्यासमोर, जेपी नगर वस्तीच्या कडेला एका आईचा पुतळा आहे. डच शिल्पकार रुथ वॉटरमन यांनी तो १९८५ साली घडवला. आईच्या एका हातात तान्हे मूल आहे, दुसऱ्या हाताने तिने तोंड झाकले आहे, आणि मागून एक मोठे मूल तिला बिलगले आहे. घरातल्या मुलांना घेऊन तिथे जा आणि मागच्या गल्लीतून थोडे चाला. दारात बसलेल्या एखाद्या आजीने ‘बेटा, कहाँ से आए?’ असे विचारले, तर थांबा. तिला जे सांगायचे आहे ते पूर्ण ऐका, आणि निघताना पुढच्या महिन्यात कोणत्या दिवशी येणार तेही तिला सांगा.