ट्रॉलीचा टायर का फुटतो?

उसाचा गाळप हंगाम सुरू झाला, की आमच्या अपघात विभागात रात्री एक ओळखीची नोंद दिसू लागते : रस्त्यात उभ्या ट्रॉलीवर मागून दुचाकी आदळली. ट्रॉली का थांबली होती, असे विचारल्यावर बहुधा एकच उत्तर मिळते, 'टायर फुटला, डॉक्टर.' मग खड्ड्यांवर किंवा जुन्या टायरवर खापर फुटते. ते काही अंशी खरेही असते. पण चालवण्याच्या सवयीकडे कोणी पाहत नाही.

टायरचा मोठा शत्रू उष्णता. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात टायर खाली दबतो आणि पुन्हा पूर्ववत होतो. हवा कमी किंवा वजन जास्त असेल तर तो अधिक दबतो, तापतो आणि आतले थर सुटू लागतात. वेगाने हे आणखी वाढते. अंगावर काढलेल्या तापासारखे हे नुकसान बाहेरून दिसत नाही. पाच खेपा निभावतात, सहाव्या खेपेला टायर फुटतो.

वळणावर ट्रॉलीची चाके ट्रॅक्टरपेक्षा आतून जातात. आखूड वळण घेतले, की आतले चाक रस्त्याच्या कडेवर किंवा दगडावर चढते आणि टायरची बाजू कापली जाते. जवळजवळ दोन एक्सल असतील तर चाके आडवी घासतात. उशिरा, जोरात ब्रेक दाबल्यास चाक जाम होऊन टायर एकाच जागी झिजतो.

दोष एकट्या चालकाचा नाही. वाहतुकीचे पैसे टनावर मिळतात, त्यामुळे जादा भरणे आणि घाई ओघानेच येते. कारखान्याच्या आवारात वाहने तासन् तास रांगेत असतात. तेवढ्यात टायर थंड होतात आणि हवा तपासण्याची हीच योग्य वेळ असते. तिथे हवेचे यंत्र आणि मागे लावायला रिफ्लेक्टर ठेवणे कारखान्यांना अवघड नाही. तापलेल्या टायरमधली हवा मात्र कमी करू नये. थंड झाल्यावर ती अपुरी पडते.

वाटेत थांबाल तेव्हा टायरजवळ हात नेऊन पाहा. एखादा इतरांपेक्षा जास्त तापला असेल, तर पुढे जाऊ नका. आणि टायर बदलून झाल्यावर चाकाला लावलेले दगड आठवणीने बाजूला टाका. अंधारात त्याच दगडावर दुचाकी जाते आणि तो रुग्णही आमच्याकडेच येतो.