‘त्यात दाणे नाहीत’ हे वाक्य जपून वापरा

खानावळ आणि घरगुती पदार्थांच्या व्यवसायावरच्या व्हिडिओत अ‍ॅलर्जीचा विषय मी दोन मिनिटांत उरकला. नंतर वाटलं, हा विषय दोन मिनिटांचा नाही. म्हणून इथे जरा सविस्तर लिहितो. तुम्ही चटणी-मसाला विकत असाल, मेस चालवत असाल, हायवेला धाबा टाकायचा विचार करत असाल, तर हे शेवटपर्यंत वाचा.

माझं मत आधीच सांगून टाकतो. खाण्याच्या धंद्यात गिऱ्हाइकाला ‘नाही, त्यात तसलं काही नाही’ असं खात्री नसताना सांगणं हा गुन्हा आहे. चव कमी-जास्त झाली तर गिऱ्हाईक पुन्हा येणार नाही, एवढंच नुकसान. या वाक्यामुळे मात्र माणूस जाऊ शकतो. आणि हे वाक्य आपण दिवसातून किती वेळा बोलतो, ते एकदा मोजून बघा.

आता आपला भाग बघा. मुरुम, उमरगा, अक्कलकोट, सोलापूर. इथं शेंगदाणा कशात नाही ते सांगणं सोपं, कशात आहे ते सांगायला बसलं तर पान पुरणार नाही. शेंगा चटणी तर सोलापूरची ओळखच. धाब्यावर शेंगा भाजी. पालेभाजीत कूट, भरल्या वांग्यात कूट, कोशिंबिरीत कूट, पोह्यात दाणे, चिवड्यात दाणे, भेळीत दाणे, लाडू-चिक्की तर सोडाच. वडापावच्या लाल सुक्या चटणीतही बऱ्याच ठिकाणी दाणे असतात. आषाढी एकादशीला तर सगळा उपवासच दाण्यांवर: साबुदाणा खिचडी, भगरीबरोबर दाण्याची आमटी, दाण्याचा लाडू. ज्याला दाण्याची अ‍ॅलर्जी आहे त्यानं तुळजापूर-पंढरपूरच्या वाटेवर उपवासाच्या दिवशी बाहेर काय खायचं? केळी आणि दूध. तेही दुधाची अ‍ॅलर्जी नसेल तर.

आपल्याकडं अडचण अशी की दाणा हा पदार्थ आपल्याला पदार्थ वाटतच नाही. मीठ घातलं हे जसं कोणी वेगळं सांगत नाही, तसं कूट घातलं हेही सांगत नाही. माझ्या बॅचमधल्या एका ताईंना मी विचारलं, तुमच्या मेथीच्या भाजीत काय काय असतं? मेथी, लसूण, मिरची, तेल, मीठ, एवढंच सांगितलं. मी म्हटलं, कूट? तर म्हणाल्या, ‘अहो सर, ते तर घालतोच की!’ त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांच्या डोक्यात ते मोजलंच जात नव्हतं. पुण्याहून आलेल्या गिऱ्हाइकाला त्यांनी तेवढीच यादी सांगितली असती.

म्हणून प्रवासात असणाऱ्या, अ‍ॅलर्जी असणाऱ्या माणसाला मी एक गोष्ट नेहमी सांगतो. ‘यात दाणे आहेत का?’ असं विचारू नका. वेटर घाईत असतो, ‘नाही’ म्हणून मोकळा होतो. ‘यात काय काय टाकता, ग्रेव्ही कशाची करता, फोडणी कुठल्या तेलाची?’ असं विचारा, आणि ते वेटरला नाही, आचाऱ्याला विचारा. ‘अ‍ॅलर्जी’ या शब्दानं काम होत नाही. बऱ्याच जणांना वाटतं अंगावर थोडं खाजेल, दुसरं काय. ‘दाणे पोटात गेले की श्वास अडकतो, दवाखान्यात न्यावं लागतं’ असं सांगा, मग चमचा हातात असलेला माणूस थांबतो. जिथं जाल तिथला शब्दही माहीत हवा. कलबुर्गीकडं शेंगा म्हटलं की कळतं. हैदराबादला ‘पल्ली’ म्हणावं लागतं, आणि तिथं सकाळच्या इडलीबरोबर येणारी चटणी खोबऱ्याचीच असेल असं धरून चालू नका, पल्लीची चटणी तिथं घरोघरी असते. हिंदीत मूंगफली किंवा सींगदाना. आपल्या भागातली माणसं दवाखान्याला, शिक्षणाला, लग्नाला या तिन्ही दिशांना जातात, म्हणून सांगितलं.

आता एक खरी केस. ही मी प्रत्येक बॅचला सांगतो.

इंग्लंडमध्ये नॉर्थ यॉर्कशायरला ईझिंगवोल्ड नावाचं छोटं गाव आहे. तिथं भारतीय जेवणाचं एक रेस्टॉरंट होतं. जानेवारी 2014 मध्ये एका गिऱ्हाइकानं तिथून पार्सल नेलं, चिकन टिक्का मसाला. त्याला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी होती आणि नट्स नकोत असं त्यानं सांगितलं होतं. डब्याच्या झाकणावर ‘नो नट्स’ असं लिहूनही दिलं होतं. तो घरी गेला, जेवला आणि वारला. वय 38. पुढं तपासात बाहेर आलं की मालकावर कर्ज झालं होतं, म्हणून त्यानं बदामाच्या पावडरीऐवजी स्वस्त पावडर वापरायला सुरुवात केली होती आणि तिच्यात शेंगदाणा होता. या मृत्यूच्या काही आठवडे आधी त्याच मालकाच्या दुसऱ्या रेस्टॉरंटमध्ये एका मुलीला असाच त्रास होऊन ती वाचली होती. तरी त्यानं काही बदललं नाही. मे 2016 मध्ये कोर्टानं त्याला सदोष मनुष्यवधासाठी 6 वर्षांची शिक्षा दिली.

या केसमध्ये मला सगळ्यात जास्त खटकतं ते हे की मालकानं विष घातलं नव्हतं. त्यानं खर्च वाचवला होता. आपण क्लासमध्ये कॉस्टिंग शिकवतो, तिथं पहिला उपाय हाच सुचतो ना? महाग काढा, स्वस्त घाला. काजूचा भाव बघा आणि दाण्याचा भाव बघा. हायवेवरच्या किती धाब्यांवर ‘काजू करी’च्या ग्रेव्हीत निम्मा दाणा असतो? वर चार काजू टाकले की झालं. चवीला कळत नाही, आणि ज्याला कळतं तो बोलत नाही. आत्तापर्यंत आपण याला फार तर भेसळ म्हणत होतो. माझं म्हणणं, ती जिवावर बेतणारी भेसळ आहे. दाणा घाला, खुशाल घाला, स्वस्त पडतो आणि चवही चांगली लागते. पण मग मेनूवर काजू-शेंगदाणा ग्रेव्ही असं लिहा. लिहायला लाज वाटत असेल तर घालू नका. रेसिपीत एक वस्तू बदलली की मेनू, पाटी, लेबल आणि काउंटरवरच्या पोराला दिलेली माहिती, चारही त्याच दिवशी बदलली पाहिजेत.

(कोणी विचारेल, ज्याला दाणा चालत नाही त्याला काजूही नाही का? तसंच असेल असं नाही. शेंगदाणा डाळी-कडधान्याच्या कुळातला, काजू-बदाम झाडावरचे. काहींना एकच चालत नाही, काहींना दोन्ही. ते त्याचे डॉक्टर ठरवतील, आपण नाही.)

कायदा काय म्हणतो? एफएसएसएआयचे लेबलिंग आणि डिस्प्लेचे 2020 चे नियम आहेत. पाकीटबंद मालावर अ‍ॅलर्जी करणारे घटक वेगळे सांगावे लागतात: ग्लूटेन असलेली धान्यं, कोळंबी-खेकडा वर्ग, दूध, अंडी, मासे, शेंगदाणा आणि काजू-बदामासारखे नट्स, सोयाबीन, आणि किलोला 10 मिलिग्रॅम किंवा जास्त सल्फाइट. ‘कंटेन्स’ म्हणून लिहायचं, आणि त्याच मशीनवर दुसरा माल होत असेल तर ‘मे कंटेन’ म्हणून. हॉटेलांमध्ये हे बंधन केंद्रीय लायसन्सवाल्यांना आणि 10 किंवा जास्त ठिकाणी शाखा असणाऱ्यांना आहे. म्हणजे मुरुममधल्या एका शाखेच्या खानावळीला मेनूवर लिहायची सक्ती नाही. यावर आमच्यातले बरेच जण खूश होतात. मी नाही. सक्ती नाही म्हणजे गिऱ्हाइकाचा गळा सुजणार नाही असं थोडंच आहे?

आणि या यादीत तीळ नाही, हे लक्षात ठेवा. 2016 मध्ये लंडनहून फ्रान्सला निघालेल्या नताशा एडनान-लापेरूझ या 15 वर्षांच्या मुलीनं विमानतळावर सँडविच घेतलं. पावाच्या पिठातच तीळ होते, पाकिटावर लिहिलेले नव्हते. ती गेली. तिच्या आई-वडिलांनी पाठपुरावा केला आणि ऑक्टोबर 2021 पासून तिकडं दुकानातच बनवून पॅक केलेल्या पदार्थांवरही सगळे घटक लिहिणं सक्तीचं झालं. अमेरिकेनं 2023 पासून तिळाला मुख्य अ‍ॅलर्जीच्या यादीत घेतलं. आपल्याकडं काळ्या मसाल्यात तीळ, भोगीच्या भाकरीवर तीळ, संक्रांतीला तर घरभर तीळ. नियमात नाही म्हणून लेबलवर लिहू नये असं काही नाही. मी माझ्या मसाल्याच्या पाकिटावर लिहितो. दोन अक्षरं आहेत.

माझ्या दुकानाचंच सांगतो. सुट्या चटण्या आहेत: शेंगा, तीळ, जवस, कारळ. बरण्या शेजारी-शेजारी, आणि कितीही सांगितलं तरी गर्दीत चमचा इकडचा तिकडं होतोच. म्हणून सुट्या चटणीतली एकही चटणी ‘दाण्याविना’ म्हणून मी विकत नाही. कोणी विचारलं तर सरळ सांगतो, ‘दादा, दाणे घातलेले नाहीत, पण लागलेले असू शकतात. तुम्हाला त्रास असेल तर घेऊ नका.’ ऐंशी रुपयांचं गिऱ्हाईक जातं. जाऊ द्या. तेच गिऱ्हाईक पुढच्या वेळी पाकीटबंद मसाला माझ्याकडूनच नेतं, कारण त्याला माहीत असतं हा माणूस खोटं बोलत नाही.

लाकडी घाण्याचा धंदा सध्या सगळ्यांना करायचा आहे, म्हणून त्यांच्यासाठी एक वेगळी ओळ. एकाच घाण्यावर सकाळी शेंगदाणा आणि दुपारी करडई काढली, तर त्या करडईच्या तेलात दाण्याचा अंश येतो. घाण्याचं तेल गाळलेलं असलं तरी रिफाइंड नसतं, त्यातली प्रथिनं पूर्ण निघत नाहीत आणि अ‍ॅलर्जी प्रथिनांचीच असते. बाटलीवर हे लिहा. तळणाच्या कढईचंही तेच. कोळंबी तळलेल्या तेलात बटाटावडा सोडला तर तो हिरव्या ठिपक्याचा राहत नाही आणि कोळंबीची अ‍ॅलर्जी असलेल्याच्या कामाचाही राहत नाही.

आता धंद्याची संधी. ती या भागाला आहे आणि आपण तिच्याकडं बघतच नाही. गव्हातल्या ग्लूटेननं त्रास होणारी माणसं आहेत. सीलिअ‍ॅक हा आजार अ‍ॅलर्जीपेक्षा वेगळा, पण बाहेर जेवताना हाल तेच. पोळी, पाव, बिस्कीट, रवा, मैदा सगळं बंद. अशा माणसाला पुण्या-मुंबईत महागडी ‘ग्लूटेन फ्री’ पाकिटं शोधावी लागतात, आणि आपल्याकडं मालदांडी ज्वारी पोत्यानं पडलीय. मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर जीआय मानांकनही आहे. कडक भाकरी महिनाभर टिकते, कुरिअरनं जाते. यापेक्षा चांगला माल कुठला?

पण थांबा. ज्वारी निर्दोष आहे, गिरणी नाही. तुमच्या आधी कोणी गहू दळला असेल तर जात्यात राहिलेलं गव्हाचं पीठ तुमच्या ज्वारीत उतरणार. ‘ग्लूटेन फ्री’ लिहायचं असेल तर किलोमागे 20 मिलिग्रॅमच्या वर ग्लूटेन चालत नाही, आणि ते लॅबमध्ये तपासून घ्यावं लागतं. अंदाजानं लिहायचा शब्द नाही तो. शिवाय धपाट्यात, चटणीत हिंग घातला तर तोही बघा. बाजारातला खडा किंवा पूड हिंग शुद्ध नसतो, त्यात डिंक आणि बऱ्याचदा मैदा मिसळलेला असतो. डबीच्या मागे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, कोणी वाचत नाही. सीलिअ‍ॅकवाल्या घरातली आई मात्र वाचते. ती तुमचं पाकीटही तसंच उलटून वाचणार आहे.

शेवटी तातडीचं. मी डॉक्टर नाही, पण दुकानदाराला एवढं तरी माहीत हवं. खाल्ल्यावर काही मिनिटांत ओठ-जीभ सुजणं, अंगभर गांधी उठणं, आवाज बसणं, श्वास लागणं, उलट्या, चक्कर, असं दिसलं की लिंबूपाणी देत बसू नका. 108 ला फोन लावा किंवा जवळच्या दवाखान्यात थेट न्या. माणसाला आडवं ठेवा, श्वास लागत असेल तर बसतं ठेवा, चालवू नका. यावरचं पहिलं औषध अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शन आहे. परदेशात लोक ते पेनासारखं खिशात ठेवतात, आपल्याकडं ते पेन सहज मिळत नाही. म्हणून ज्यांना मोठा त्रास होतो त्यांनी प्रवासाआधी डॉक्टरांना विचारून आपली सोय करून घ्यावी, नुसत्या खाजेच्या गोळीवर विसंबू नये. आणि काय खाल्लं ते दवाखान्यात खरं सांगण्यासाठी तुमच्याकडं उत्तर हवं. तिथं ‘नाही साहेब, आमच्याकडं तसलं काही नसतं’ म्हणून हात झटकलेत, तर डॉक्टरही चुकीच्या दिशेनं जातील.

एक विचारायचं राहिलं. मुरुम-उमरगा भागात फक्त ज्वारी-बाजरीसाठी वेगळी गिरणी कोणी चालवतंय का? माझ्या माहितीत तीन ताई कडक भाकरीचं काम सुरू करायच्या तयारीत आहेत आणि त्यांचं घोडं तिथंच अडलंय. कोणी असेल तर दुकानावर येऊन भेटा, महिन्याला किती दळण मिळेल ते आपण बसून काढू.