पाठदुखी आणि गादीचे थर

कंबर धरली की गादी सोडून फळीवर झोपावे, हा सल्ला मराठवाड्यात घरोघरी पिढ्यान्‌पिढ्या दिला जात आहे. बिलोलीसारख्या तालुक्याच्या गावी दिवसभर पेढीवर मांडी घालून बसणारा व्यापारी साठीच्या आसपास कंबरदुखीने बेजार झाला, की वडीलधारी मंडळी प्रथम त्याची गादी काढून घेतात आणि सतरंजी अंथरून त्याला लाकडी दिवाणावर निजवितात. जैन कुटुंबात या सल्ल्याला धर्माचाही आधार मिळाल्यासारखा वाटतो. दिगंबर मुनींच्या २८ मूलगुणांत भूमिशयन आहे. पौषध केलेला श्रावकही त्या रात्री मऊ गादीचा त्याग करून जमिनीवर संथारा पसरतो. त्यामुळे अंथरूण जितके कठीण तितके ते देहाला हितकर, असे समीकरण नकळत मनात दृढ होते. परंतु मुनी भूमीवर शयन करतात ते देहाविषयीचे ममत्व क्षीण करण्यासाठी. मणक्याचा विकार बरा करण्यासाठी नव्हे. व्रत आणि उपचार या दोन गोष्टींची गल्लत झाल्यामुळे घरातील वृद्ध व्यक्ती वर्षानुवर्षे विनाकारण वेदना सोशीत राहते.

कठीण गादीचा आग्रह वैद्यकशास्त्रातही दीर्घकाळ होता. त्याची नेमकी परीक्षा स्पेनमध्ये झाली आणि तिचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात २००३ साली प्रसिद्ध झाले. फ्रान्सिस्को कोवाक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुनाट कंबरदुखीच्या ३१३ रुग्णांपैकी काहींना कठीण, तर काहींना मध्यम कठीण गादी दिली. कोणाला कोणती गादी मिळावी, हे चिठ्ठ्या टाकाव्यात त्या पद्धतीने ठरविले होते. ९० दिवसांनंतर मध्यम गादीवर झोपणाऱ्यांना अंथरुणात पडल्यावर आणि सकाळी उठताना होणारी वेदना तुलनेने अधिक कमी झाली होती. दैनंदिन हालचालींतील अडचणीही त्यांच्या बाबतीत अधिक घटल्या होत्या. हा प्रयोग संपूर्ण गाद्यांचा होता, वरून घालावयाच्या थरांचा नव्हता, हे ध्यानी ठेवावे. तथापि फळीच्या आग्रहाला त्याने मोठाच छेद दिला.

याचे कारण शरीराच्या घडणीत आहे. पाठीचा कणा सरळ काठीसारखा नसून त्याला वळणे आहेत. कठीण फळीवर उताणे झोपल्यास भार पाठ आणि नितंब यांवर पडतो व कंबर अधांतरी राहते. कुशीवर झोपल्यास खांदा आणि खुबा दाबले जातात. अतिमऊ गादीत याउलट घडते. सर्वांत जड असा कमरेखालचा भाग खोल रुततो आणि कणा झोळीसारखा वाकतो. खांदा व खुबा किंचित आत जावेत आणि कंबरेला खालून टेकू मिळावा, एवढीच गादीकडून अपेक्षा आहे. उताणे झोपून कंबरेखाली तळहात सरकवून पाहावा. हात सहज आरपार गेला तर गादी फार कठीण. मुळीच शिरला नाही तर ती फार मऊ. थोड्या प्रयासाने सरकला तर बेताची. ही ढोबळ चाचणी दुकानात संकोच न करता करावी. झोपून न पाहता गादी घेणे म्हणजे मोजमाप न देता अंगरखा शिवून घेण्यासारखे आहे.

नांदेड हा कापसाचा जिल्हा. ‘एनएचएच ४४’ हे संकरित वाण नांदेडच्याच संशोधन केंद्रातून शेतकऱ्यांपर्यंत पोहोचले. तेव्हा इकडच्या घरांत कापसाचीच गादी असावी, हे स्वाभाविक होय. ही गादी वाईट नाही. ताज्या पिंजलेल्या कापसात हवा खेळती असते व ती मध्यम कठीण गादीच्या बरीच जवळ जाते. पुढे भार आणि घाम यांमुळे कापूस दबतो, गुठळ्या होतात आणि नेमका कंबरेखाली खड्डा पडतो. अशी गादी पिंजाऱ्याकडून उसवून, पिंजून, नव्या खोळीत भरून घेणे हा पहिला आणि सर्वांत स्वस्त उपाय आहे. पुष्कळांची तक्रार एवढ्यानेच कमी होते.

टॉपर हा शब्द नवा असला तरी वस्तू अपरिचित नाही. गादीवर घडी घालून वाकळ अंथरणारी आजी दुसरे काय करीत होती? टॉपर म्हणजे गादीवर पसरावयाचा दोन-तीन इंचांचा वेगळा थर. गादी सपाट आहे, पण फार कठीण आहे, अशा ठिकाणी त्याचा उत्तम उपयोग होतो. काथ्याच्या गादीवर झोपणाऱ्यांना तो बहुधा मानवतो. परंतु गादीतच खड्डा असेल तर टॉपर त्याच खड्ड्यात उतरतो आणि पैसे वाया जातात. लोखंडी पलंगाची पट्टी वाकली असेल तर दोष गादीचा नसून पलंगाचा असतो, हेही आधी तपासावे.

टॉपर कशाचा घ्यावा? मेमरी फोमची मोठी जाहिरात होते. १९६६ साली अमेरिकेच्या ‘नासा’साठी चार्ल्स योस्ट यांनी विमानातील आसनांकरिता तो विकसित केला. उष्णतेने तो मऊ होतो आणि शरीराची उष्णता धरून ठेवतो. बिलोलीत उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. तेव्हा कुलर नसलेल्या खोलीत तो रात्री नकोसा होण्याचाच संभव अधिक. लेटेक्स रबराच्या झाडाच्या चिकापासून होते, लवचीक व टिकाऊ असते, पण महाग पडते. ‘नैसर्गिक’ म्हणून विकलेल्या मालात कृत्रिम लेटेक्सही मिसळलेले असते. पिसांचे आणि रेशीम भरलेले टॉपर जैन घरात येऊ नयेत, हे सांगावयास नकोच. साधा पीयू फोम सर्वांना परवडतो, मात्र तेथे ‘डेन्सिटी’ या शब्दाने फसगत होते. डेन्सिटी म्हणजे एक घनमीटर फोमचे किलोतील वजन. त्यावरून टिकाऊपणाचा अंदाज येतो, कठीणपणाचा नव्हे. व्यापारी वाचकांना तपासणी सोपी आहे. सहा फूट लांब, तीन फूट रुंद आणि दोन इंच जाड थर ४० डेन्सिटीचा असेल, तर खोळीशिवाय त्याचे वजन सुमारे ३.४ किलो भरले पाहिजे. ३२ डेन्सिटीचा असेल, तर २.७ किलो. वजन पावणेदोन किलोच भरले, तर माल २० डेन्सिटीचा आहे, शिक्का काहीही असो. नांदेडला घ्या किंवा सीमेपलीकडे बोधन-निजामाबादला, काटा सर्वत्र सारखाच बोलतो. हमीपत्रही वाचून घ्यावे. किती खोल खड्डा पडला म्हणजे गादी बदलून मिळेल, हे बहुधा त्यात बारीक अक्षरांत असते.

नव्या थराची सवय होण्यास काही आठवडे लागतात. चार रात्रींत निकाल मागू नये. कुशीवर झोपणाऱ्याने गुडघ्यांमध्ये, तर उताणे झोपणाऱ्याने गुडघ्यांखाली उशी घेतल्यास कंबरेचा ताण हलका होतो. त्याला वेगळा खर्च नाही.

मात्र पायातील शक्ती कमी होत असेल, जांघेत बधिरता येत असेल, लघवी-शौचावरील नियंत्रण सुटत असेल, तर गादीचा विचार बाजूला ठेवून त्वरित रुग्णालय गाठावे. दुखण्याबरोबर ताप असेल, किंवा वजन अकारण घटत असेल, तरीही डॉक्टरांकडे जाण्यास विलंब करू नये.

राहिला प्रश्न निगेचा. अंथरुणात ओल राहिली की जीवोत्पत्ती होते, म्हणून श्राविका गाद्या वेळोवेळी उन्हात घालतात. कापसाला ते मानवते. फोम आणि लेटेक्स मात्र कडक उन्हाने पिवळे पडून भुरभुरीत होतात. त्यांना सावलीतील वारा द्यावा, वर धुता येणारा सुती अभ्रा घालावा आणि यत्नापूर्वक झटकूनच अंथरावे.