पाठीचा कणा आणि पोत्याचे वजन

व्यापाऱ्याच्या बोलण्यात 'गादी' या शब्दास मोठा मान आहे. गादी म्हणजे पेढी, गादी म्हणजे पत आणि गादी म्हणजे वडिलांनी मुलाच्या हाती दिलेला वारसा. अलीकडे मात्र हा शब्द डॉक्टरांच्या तोंडून अधिक ऐकू येतो. "मणक्यातील गादी सरकली, नस दबली" हे वाक्य आमच्या संकेश्वर, हुक्केरी, निपाणी भागातील व्यापारी कुटुंबांस आता अपरिचित राहिलेले नाही. हमालांच्या वस्तीत तर ते दुखणे फार जुने आहे. आपल्या घरी त्यापाठोपाठ एमआरआयची तपासणी येते, हमालाच्या घरी चोळण्याच्या तेलाची बाटली येते. दोन्ही घरांत कोणते ज्ञान पोहोचावे आणि व्यापारी या नात्याने आपले कर्तव्य काय, एवढेच येथे मांडावयाचे आहे. आम्ही वैद्य नव्हे. परंतु उभे आयुष्य धान्याच्या थप्प्यांजवळ गेल्यामुळे पाठ आणि ओझे यांचा हिशेब आम्हांस काही अंशी कळतो.

कण्यातील दोन मणक्यांच्या मध्ये एक चकती असते, तीच ही गादी. बाहेरून चिवट तंतूंचे कडे आणि आत मऊ गर, अशी तिची रचना. तिच्या बाजूच्या छिद्रांतून मज्जातंतूंची मुळे बाहेर पडून हातापायांत जातात. कडे फाटून गर बाहेर आला, किंवा उतारवयात हाड वाढून ती वाट अरुंद झाली, म्हणजे मूळ दाबले जाते व त्यास सूज येते. म्हणूनच दोष कमरेत असता कळ पायात उतरते. कमरेचे पाचवे मूळ दाबल्यास कळ नडगीच्या बाहेरच्या अंगाने पायाच्या अंगठ्यापर्यंत जाते. त्याखालचे दाबल्यास पोटरीतून टाचेकडे व करंगळीकडे जाते. मानेतील मूळ दाबले तर कळ, मुंग्या व बधिरपणा हातात येतो. आयुर्वेदात पायाच्या या दुखण्यास 'गृध्रसी' असे नाव फार पूर्वीपासून आहे. परंतु सरकलेल्या चकतीमुळे मूळ दाबते, ही गोष्ट बोस्टनच्या मिक्स्टर व बार या दोन डॉक्टरांनी १९३४ साली स्पष्टपणे मांडली, तेव्हा ती जगास पटली.

साधी उसण आणि दबलेली नस यांत आपल्याकडे नेहमी गल्लत होते. उसण स्नायूंची, ती कमरेतच राहते व काही दिवसांत ओसरते. तिच्यासाठी पायाळू माणसाचा पाय पाठीस लावून घेण्याची चाल खेड्यापाड्यांत आहे, तीत फारसे नुकसान नाही. परंतु कळ गुडघ्याखाली उतरत असेल आणि पाऊल बधिर पडत असेल, तर ते दुखणे वेगळे समजावे. अशा वेळी पाठीवर पाय देऊन दाबणे किंवा कंबर हिसकून घेणे धोक्याचे आहे.

आता दिलाशाची गोष्ट. चकतीमुळे आलेले हे दुखणे बहुतेकांचे सहा ते बारा आठवड्यांत शस्त्रक्रियेवाचून पुष्कळ कमी होते. बाहेर आलेला गर शरीर स्वतःच हळूहळू शोषून घेते. पूर्वी महिनामहिना अंथरुणास खिळवून ठेवीत. ती पद्धत आता मागे पडली आहे. कळ असह्य असेल तर एक-दोन दिवस विश्रांती पुरे. पुढे झेपेल तितके चालावे, वाकणे व वजन उचलणे टाळावे आणि कळ ओसरल्यावर जाणकाराच्या देखरेखीखाली व्यायाम करावा. वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांस विचारूनच घ्याव्यात. दुकानातून आणून महिनोन्महिने खाल्ल्यास मूत्रपिंड व जठर यांस अपाय होतो.

फोटो पाहूनही घाबरू नये. १९९४ साली अमेरिकेत पाठीचे दुखणे नसलेल्या ९८ जणांची एमआरआय तपासणी झाली, तीत सर्व चकत्या निर्दोष असलेले केवळ ३६ टक्के निघाले. सबब फोटो व लक्षणे यांचा मेळ बसला तरच त्यास अर्थ. शस्त्रक्रियेविषयीही असेच तारतम्य हवे. हॉलंडमध्ये २८३ रुग्णांवर झालेल्या व २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लवकर शस्त्रक्रिया केलेल्यांस आराम लवकर पडला. परंतु वर्षअखेर धीर धरलेले व शस्त्रक्रिया केलेले जवळजवळ सारखेच बरे होते.

मात्र काही लक्षणे अशी आहेत की तेथे धीर धरणे हाच घात ठरतो. लघवी अडणे, लघवी किंवा शौचावरील ताबा सुटणे, मांड्यांच्या मधला भाग बधिर होणे, दोन्ही पाय लुळे पडू लागणे, यांपैकी काही दिसल्यास त्याच रात्री बेळगाव, कोल्हापूर किंवा मिरजेचे मोठे रुग्णालय गाठावे. पाऊल उचलत नसेल, किंवा पाठदुखीबरोबर ताप अथवा वजनात घट असेल, तरीही विलंब करू नये.

येथवर झाले ते उपचाराचे. परंतु दुखणे येते कोठून? वय, अनुवंश, तंबाखूचे धूम्रपान ही कारणे आहेत. तशीच कंबरेत वाकून जड ओझे उचलणे हेही आहे. गादीवर तासन् तास वाकून खतावणी लिहिणाऱ्याने अर्ध्या तासाने उठावे, चार पावले चालावे. हा उपाय आपल्या हातचा आहे. ट्रकमधून पोते पाठीवर घेणाऱ्याच्या हाती काय आहे? पोते किती भरावे हे तो ठरवीत नाही.

आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने १९६७ साली प्रौढ पुरुषाने वाहावयाच्या ओझ्याची कमाल मर्यादा ५५ किलो असावी, अशी शिफारस केली. शेजारच्या महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी व हमाल कामगारांसाठी स्वतंत्र कायदा झाला. पुण्यात डॉ. बाबा आढाव यांच्या हमाल पंचायतीने पोत्याचे वजन उतरावे म्हणून आवाज उठविला. सरकारी खरेदीचे धान्य ५० किलोच्या पोत्यांत भरले जाते. तरीही कोठे कोठे क्विंटलच्या आसपास दाबून भरलेले पोते माणसाच्या पाठीवर चढतेच. आपल्या परंपरेस तर हे कोणी बाहेरून सांगावयास नको. श्रावकाच्या अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार तत्त्वार्थसूत्रात सांगितले आहेत. त्यांत एक 'अतिभारारोपण' आहे, म्हणजे शक्तीबाहेर ओझे लादणे. त्यालाच लागून पाचवा 'अन्नपाननिरोध'. कंबर मोडलेल्या हमालाची मजुरी त्याच दिवशी थांबते आणि त्याच्या घरची चूल मंदावते, तेव्हा हे दोन अतिचार एकाच दारी उभे राहतात, असे आम्हांस वाटते.

कोणी म्हणेल, पोते निम्मे केले तर बारदान दुप्पट लागेल, शिलाई वाढेल, वेळ मोडेल. हे खरे आहे. खर्च थोडा वाढेलच. हमालही कुरकुर करील, कारण हमाली पोत्यामागे मिळते व दर निम्मा झाला तर फेऱ्या दुप्पट होऊन हाती तेवढेच पडेल. म्हणून वजनाबरोबर दराचाही विचार न्यायाने झाला पाहिजे. परंतु जो खर्च आज आपल्या वहीत दिसत नाही, तो कोणी तरी पाठीने भरतोच.

आमच्या तीन सूचना आहेत. सभासदांनी ५० किलोहून जड पोते आपल्या दुकानी भरू नये, आणि पाठविणाऱ्यांसही तसे कळवावे. नस दबलेल्या हमालास निदान सहा आठवडे काट्याजवळचे, झाडलोटीचे किंवा शिलाईचे हलके काम देऊन मजुरी चालू ठेवावी. तेही न झेपेल तर संघाच्या निधीतून साहाय्य करावे. आणि वर सांगितलेली धोक्याची लक्षणे मराठी व कन्नड या दोन्ही भाषांत छापून प्रत्येक दुकानाच्या भिंतीवर लावावीत. यांपैकी एकही गोष्ट आपल्या ऐपतीबाहेरची नाही. येत्या वार्षिक सभेत त्यांचा विचार व्हावा, अशी सर्व सभासद बंधु-भगिनींस आमची नम्र विनंती आहे.